आमखोरीची मागची वाट

गिधाडखोरा वनउद्यानाच्या फाटकावरचा नकाशा मी आधी फोटोत पाहिला. एका मैत्रिणीने पाठवला होता. पत्र्यावर रंगवलेला. मध्यभागी तळं, तळ्यापेक्षा मोठा मोर, मोरापेक्षा मोठं हरीण. उत्तर दाखवणारा बाण खाली, मैत्रिणीच्या बुटांकडे रोखलेला. आणि ‘आपण येथे आहात’ हा लाल ठिपका तळ्याच्या बरोबर मध्ये. त्या नकाशानुसार माझी मैत्रीण बुडत होती.

फोटोसोबत वनविभागाचं आवाहन होतं. उद्यानाचा नवा नकाशा करायचा आहे, चालू शकणारे आणि मोबाईल वापरता येणारे स्वयंसेवक हवेत, शुक्रवार ते रविवार, राहण्याची सोय आहे, जेवण साधं आहे. जेवण साधं आहे हे आधीच सांगून टाकणाऱ्या सरकारी आवाहनावर माझा लगेच विश्वास बसला. चहा निवायच्या आत मी नाव नोंदवलं.

मी नागपुरात राहते आणि मलवाहिन्यांचे नकाशे करते. पगार त्याचा मिळतो. शनिवार-रविवारी मी इंटरनेटवरच्या एका खुल्या नकाशात भर घालते. त्यात कुणीही नवीन गोष्ट काढू शकतं, कुणीही दुसऱ्याची चूक दुरुस्त करू शकतं, आणि तो कुणालाही फुकट वापरता येतो. त्याचे नियम बरेच आहेत, पण खरा नियम एकच: पाहिलं तेच काढायचं. ऐकलेलं नाही, असावं असं वाटलेलं नाही, असायला हवं होतं असं तर अजिबात नाही. माझ्या स्वभावाला हा नियम फार मानवतो.

शुक्रवार: नागपूर ते सेलू, आणि पुढे

जानेवारीची सकाळ. एसटीत बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे प्रवासखर्च नाश्त्यापेक्षा कमी झाला. बुटीबोरी सोडली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर लागते, मध्येच वेचणी संपत आलेली पराटी, म्हणजे कपाशी, मध्येच हिरवागार गहू. खिडकीची जागा उजवीकडची घ्या, डावीकडे सगळ्या वाटेत ऊन डोळ्यांवर येतं.

सेलूच्या स्टँडजवळ तर्री-पोहे खाल्ले. तर्री वेगळी मागितली तर वेगळी देतात, न मागितली तर बुडवून देतात. मागा. तिथून उद्यानाकडे शेअर ऑटो जातात, पण भरल्याशिवाय हलत नाहीत, त्यामुळे बाजाराच्या दिवशी पोहोचणं सोपं आणि इतर दिवशी संयमाचं काम. रस्ता आधी सिमेंटचा, मग डांबरी, शेवटचा तुकडा निव्वळ गिट्टीचा. पाठदुखी असेल तर ऑटोत पुढे बसा.

उद्यान म्हणजे एक लांबट टेकडी, तिच्या पोटात खोल गेलेलं खोरं, आणि खालच्या अंगाला तळं. गिधाडं आता नाहीत, नाव राहिलं आहे. साग, मोह, पळस, बांबू. फाटक एकच, पूर्वेला. आत गेल्यावर पायवाटांचा असा गुंता आहे की दर सुट्टीला कुणीतरी हरवतं आणि वनरक्षक शिट्ट्या मारत शोधायला निघतात.

आमचं स्वागत वनपाल मेश्राम सरांनी केलं. पन्नाशीचे, कमी बोलणारे, इस्त्रीचा खाकी गणवेश आणि पायात मात्र धुळीने पांढरे झालेले बूट. त्यांनी पहिल्याच बैठकीत आपला मोबाईल वर धरला.

“हा तुमचाच खुला नकाशा आहे ना? यात कड्यावरून खाली उतरणारी एक वाट दाखवली आहे. ती बघून कॉलेजची मुलं उतरली आणि अर्ध्यावर अडकली. दोरानं वर काढावं लागलं. ही रेघ आधी पुसून टाका. बाकीचं मग बोलू.”

आम्ही वीसेक स्वयंसेवक होतो. मग मागून आवाज आला.

“साहेब, पुसून का होते? तिथं वाट दिसते म्हणून कोणीतरी काढली. आज पुसली तर उद्या दुसरा येईन, त्याले दिसन, थो पुन्हा काढन. रेघ राहू द्या आन् ‘बंद, धोका’ म्हणून लिहून टाका. मग मोबाईलच सांगन, बापा जाऊ नको.”

हे ढोबळे काका. हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये नोकरी करून निवृत्त झालेले, डोक्यावर कानटोपी, गळ्यात दुर्बीण, आणि खुल्या नकाशात माझ्यापेक्षा जुने. सरांनी मोबाईल खाली घेतला. म्हणाले, “म्हणजे तुम्ही लपवणार नाही, पण अडवणार.”

“बरोबर बोलले.”

“करा.”

तिथेच, भिंतीला टेकून, मी ती वाट ‘बंद’ केली आणि सरांच्या मोबाईलवर दाखवली. हिरव्या तुटक रेघेवर लाल खूण आली. सरांनी चष्मा वर सरकवून पाहिलं. आठवड्याभरापूर्वी कुणी मला सांगितलं असतं की सरकारी खातं आणि आम्ही हौशी लोक एका रेघेवर पाच मिनिटांत एकमत करू, तर मी पुरावा मागितला असता. तो आता माझ्यासमोर होता, आणि मला चक्क आनंद झाला.

शनिवार: खोऱ्यात

जोड्या पाडल्या. माझ्या वाट्याला ढोबळे काका आले.

“मॅडम, तुमी फार कमी बोलता.”

“हो.”

“चालते. मी दोघांचं बोलतो.”

आणि ते बोलले. हिंगणघाटातली प्रत्येक चहाची टपरी त्यांनी नकाशावर आणली आहे. “एक जरी सुटली असं दाखवून द्या, मिशी काढतो.” मिशी भरघोस होती, म्हणजे अजून कुणी दाखवून दिलेली नव्हती.

आम्ही दिवसभर चाललो. पाणवठे, बाक, मचाण, दिशाफलक, कोसळलेला दिशाफलक, चुकीच्या दिशेला वळलेला दिशाफलक. प्रत्येक ठिकाणी थांबायचं, मोबाईलवर ठिकाण पक्कं करायचं, फोटो, एका ओळीची नोंद. ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांना यात काय मजा हे समजावणं अवघड आहे. तुम्ही एका वळणावर उभे असता, जगातल्या कुठल्याच नकाशात ते वळण नसतं, आणि संध्याकाळी ते असतं. बस, एवढंच आहे. पण एवढ्यासाठी मी दुपारचं ऊन विसरले. बांबूच्या बेटातून रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप निघाला आणि आमच्यापासून हाकेच्या अंतरावर उभा राहिला तेव्हा काकांनी कुजबुजत विचारलं, “हे टाकाचं का नकाशात?” मी म्हटलं, हलणाऱ्या गोष्टी टाकत नाहीत. ते म्हणाले, “मंग मले टाकू नका.”

संध्याकाळी पिठलं, ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा. खरंच साधं, आणि खरंच चांगलं. जेवणानंतर मेश्राम सरांनी मुद्द्याला हात घातला. उद्यानाला दुसरं फाटक मंजूर झालं होतं. जागा दोनच शक्य होत्या. एक दक्षिणेला, डांबरी रस्त्याच्या कडेला, जिथे एक ढाबा आहे. दुसरी पश्चिमेला, आमखोरी गावाच्या बाजूने.

“अट एकच,” सर म्हणाले. “फाटकापर्यंत बारमाही वाट आधीपासून असली पाहिजे. जंगलाच्या हद्दीत मी नवीन वाट पाडू देणार नाही. डांबरीकडे वाट आहे, ती दिसतेच. आमखोरीकडे सॅटेलाइट फोटोत काही दिसत नाही, गावकरी म्हणतात आहे. उद्या तुम्ही दोघं जाऊन पाहा. पाच वाजता मी नकाशा बंद करून वर पाठवतो.”

वनरक्षकांकडून मग बाकीचं कळलं. आमखोरीच्या बचत गटाच्या बायका सुट्टीच्या दिवशी पूर्वेच्या फाटकावर झुणका-भाकर विकतात. गाव टेकडीच्या पलीकडे, त्यामुळे परात, चूल, पीठ घेऊन पूर्ण टेकडीला वळसा घालून ऑटोने यावं लागतं, आणि कमाई ऑटोच खातो. काहीजणींनी येणं सोडलं आहे. फाटक ढाब्याकडे गेलं तर उरलेल्याही सोडतील.

रविवार: आमखोरी

आम्ही सकाळी पोहोचलो आणि गावाच्या वेशीवरच थबकलो.

जमिनीवर रांगोळीने ‘सुस्वागतम’ लिहिलं होतं. त्याच्या टोकापासून चुन्याच्या दोन पांढऱ्याशुभ्र समांतर रेघा निघाल्या होत्या, शाळेच्या मैदानावर शर्यतीसाठी मारतात तशा. त्या विहारासमोरून, समाजमंदिरासमोरून, सोयाबीन निघालेल्या एका मोकळ्या वावरातून सरळ टेकडीकडे गेल्या होत्या. मध्ये मध्ये चुन्याचेच बाण.

“येजा, येजा मॅडम!” बचत गटाच्या अध्यक्ष शालूताई पदर खोचून पुढे आल्या. चाळिशीच्या, आवाज खणखणीत, हातांना अजून चुना लागलेला. “आमाले साहेबांनी सांगतलं का वरून वाट दिसत नाई म्हणून. म्हटलं थांबा, आता चंद्रावरून दिसन अशी करून देतो.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी चुन्याकडे पाहत होते.

“ही वाट कधीची आहे?” मी विचारलं.

“वाट तर वाटच असते ना वं मॅडम.”

“म्हणजे रोज कुणी जातं इथून?”

“जाईन ना आता. तुमी चाला तर खरं. तवरिक मी भाकरी टाकतो. जेवल्याशिवाय जाऊ नाई देत.”

आम्ही निघालो. मी मोबाईलवर मागोवा सुरू केला, म्हणजे आपण चालतो तशी नकाशावर रेघ उमटत जाते. वावरात ढेकळं होती. वाटेवर पायांनी माती दबते, कडेला गवत राहतं, मध्ये उगवत नाही. इथे चुन्याच्या रेघांच्या आत आणि बाहेर सारखीच ढेकळं होती. वावर संपल्यावर नाला लागला आणि नाल्यात काळी माती. वरच्या गव्हाला दिलेलं पाणी पाझरून तिथे साचलं होतं. चुना दोन्ही काठांवर होता, मधल्या चिखलात विरघळून गेला होता. काकांचा डावा बूट आत गेला आणि पाय एकटाच वर आला.

“मॅडम, ही जागा नकाशात टाका,” ते एका पायावर उभे राहून म्हणाले. “इथं ढोबळ्याचा बूट आहे.”

बूट काढायला वेळ लागला. वळसा घालायला आणखी. उद्यानाच्या कुंपणापाशी पोहोचेपर्यंत आम्ही गुडघ्यापर्यंत काळे झालो होतो आणि माझा निर्णय झाला होता. ही वाट नाही. नुकत्याच मारलेल्या दोन रेघा आहेत. मला आमखोरी आवडली होती, शालूताई त्याहून जास्त, आणि तरी मी हे काढू शकत नव्हते. ढाब्याकडे जाणारं फाटक मला त्या क्षणी स्पष्ट दिसत होतं.

आणि तिथे, कुंपणाच्या दगडावर, शालूताई बसल्या होत्या. शेजारी फडक्यात बांधलेलं टोपलं.

“लय वेळ लागला मॅडम तुमाले,” त्या म्हणाल्या. “घ्या, जेवून घ्या पहिले.”

काकांनी चिखलाचे हात पुसत घाईने पहिला तुकडा मोडला आणि पटकन खाली ठेवला. बोटं पोळली होती. भाकरीतून वाफ निघत होती. वांग्याच्या भरितावरचं तेल अजून चमकत होतं.

मी भाकरीकडे पाहिलं. मग मागे, आम्ही आलो त्या बाजूला. मोकळ्या वावरात आमच्यामागून कुणी आलेलं नव्हतं, आलं असतं तर दिसलंच असतं.

“शालूताई, भाकर गरम कशी?”

“आत्ताच टाकली ना.”

“गावात टाकली. आम्ही निघालो तेव्हा तुमचं पीठ अजून मळायचं होतं. आमच्या आधी इथे कशा आलात?”

शालूताईंनी पदर सारखा केला. काका खाता खाता थांबले.

“आलो मंग. मागच्या वाटेनं.”

“मागची वाट?”

“हाय एक. पण थे का दाखवाची हाय?” त्या एकदम घाईने बोलायला लागल्या. “अवो उकिरड्यावरून जाते, बकऱ्याच्या कोठ्यातून जाते. लोकाइच्या न्हाण्या, वाळत घातलेले कपडे. पाव्हण्याले कोणी मागच्या दारातून आणते का? साहेब काय म्हणतीन, आमखोरीच्या बाया काय घाण जागेतून आणून राह्यल्या. म्हणून आमी तिच्या तोंडावर काट्या टाकल्या आन् इकडून चांगली सरळ, मोकळी, पुढच्या दारची वाट करून देली. माह्या दिराचं वावर हाय, त्यानं हो म्हटलं.”

काका हसायला लागले. भरीत घशात अडकेपर्यंत हसले. मला हसू आलं नाही. मी उभी राहिले होते.

“मला ती बघायची आहे. आत्ता.”

ती वाट बांबूच्या आणि बाभळीच्या छायेतून खाली उतरत होती, म्हणूनच वरून दिसत नव्हती. पण पायाखाली तिच्याइतकी पक्की वाट मी त्या तीन दिवसांत पाहिली नाही. मधोमध दबलेली, गुळगुळीत, कडेला गवताची रेघ. नाला तिने वरच्या अंगाला ओलांडला होता, जिथे तळाला काळा कातळ आहे. चिखलाचा पत्ता नाही. बूट कोरडे. उतारावर पायऱ्यांसारखे दगड, पिढ्यांनी घासलेले. पुढे बकऱ्यांचे गोठे, उकिरडे, परसातली केळ, कपड्यांच्या दोऱ्या, आणि शेवटी काट्यांचा ढीग. तो ओलांडला की गाव. आम्हाला जाताना लागलेल्या वेळाच्या निम्म्याहून कमी वेळात.

मोबाईलवर रेघ उमटली होती. नागमोडी, खरी. मी तिच्याकडे बघत उभी राहिले. मलवाहिन्या मला असा आनंद देत नाहीत.

पण ती लगेच काढता येत नव्हती. वाट परसांतून जात होती, आणि परस कुणाचं तरी असतं. मी शालूताईंना सांगितलं की ज्यांच्या घरांमागून ती जाते त्यांना विचारावं लागेल. काट्यांच्या ढिगाशीच बायका जमल्या. मी म्हटलं, “एकदा काढली की ती सगळ्यांना दिसणार. पुढे नको वाटली तर ‘बंद’ असं लिहिता येईल, पण कुणाला माहीतच नाही असं पुन्हा करता येणार नाही. नीट विचार करा.”

मग शालूताईंच्या सासूबाई काठी टेकत पुढे आल्या. वाट त्यांच्याच न्हाणीला खेटून जात होती. न्हाणी म्हणजे तीन बाजूंनी तट्ट्या आणि चौथ्या बाजूला जुनी साडी.

“म्हणजे माह्या न्हाणीमागून नागपूरचे लोकं जातीन?”

“जातीन आत्याबाई,” शालूताई खाली मान घालून म्हणाल्या.

“फटफटी?”

“नाही,” मी म्हटलं. “फक्त पायी. दिवसा. तसंच लिहीन.”

“मंग,” म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “पहिले माह्या न्हाणीले पत्रा लाव म्हणा तुह्या नवऱ्याले. लग्न झालं तवापासून सांगून राह्यली. आता सरकारी काम निघालं तर लावन. पत्रा लागला का मंग येऊ द्या कोणाले याचं थे.”

बायका हसल्या. शालूताईंचे यजमान दूर उभे होते, त्यांनी मान हलवली, आणि पत्रा मंजूर झाला. बाकीच्या घरांनीही होकार दिला. एकीने फक्त विचारलं की तिची कुत्री चावते हे लिहिता येईल का. लिहिता येतं. लिहिलं.

नावावरून थोडा वाद झाला. शालूताईंना ‘मुख्य वाट’ हवं होतं.

“तुम्ही आपसात काय म्हणता?” मी विचारलं.

“मागची वाट.”

“मग तेच.”

“लोकं हसतीन नं मॅडम.”

“हसू द्या,” काका म्हणाले. “पण चुकणार नाईत.”

पाच वाजता

मेश्राम सरांनी रेघ पाहिली, फोटो पाहिले, खूश झाले. मग नोंदीवर बोट ठेवलं.

“इथे ‘बारमाही’ रिकामं आहे.”

“हो. मी जानेवारी पाहिला आहे. पावसाळा पाहिलेला नाही.”

शालूताई सोबत आल्या होत्या. त्या माझ्याकडे वळल्या.

“मी सांगून राह्यली ना, पावसाळ्यात आमी जातो म्हणून. लग्न होऊन आलो तवापासून जातो. तुमाले आमचा भरोसा नाई?”

भरवसा होता. पण सकाळी याच बाईंनी मला चुन्याची वाट ‘वाटच’ म्हणून दाखवली होती, आणि ती फसवण्यासाठी नव्हती, मान राखण्यासाठी होती. माणसं चांगल्या हेतूनेही नसलेल्या वाटा दाखवतात. मी एवढंच म्हटलं, “भरवसा आहे. पण पाहिलेलं नाही.”

“हे असं हाय म्हणजे,” त्या म्हणाल्या, आणि तोंड फिरवलं.

मेश्राम सरांनी टेबलावर बोटं वाजवली. “मी दक्षिणेचं फाटक लगेच पाठवत नाही. पोळ्यापर्यंत थांबतो. तोवर ज्यानं पाहायचं त्यानं पाहून लिहावं.”

मी शालूताईंकडे गेले आणि हात पुढे केला. “मोबाईल द्या.”

“कायले?”

“पावसाळ्यात मी इथे नसेन. तुम्ही असाल.”

त्यांनी दिला, जरा रागातच. मी ॲप टाकलं आणि दाखवलं: ठिकाण पक्कं होऊ द्यायचं, फोटो, नोंद. त्या एकदाच बघून शिकल्या. पहिली नोंद त्यांनी तिथेच केली, कार्यालयासमोरच्या नळाची. फोटोत माझं कोपर आलं आहे. अजून आहे.

परतीच्या वाटेवर काका हिंगणघाटची बस धरायला उतरले. “मॅडम, तुमी कमी बोलता थे ठीक,” म्हणाले. “पण मघाशी अजून थोडं कमी बोलल्या असत्या तरी चाललं असतं.” मी वर्ध्याला वाट वाकडी करून गोरसपाक बिस्किटं घेतली, नागपूरला पोहोचेपर्यंत अर्धा पुडा संपवला. राग आला की मला भूक लागते. राग कुणाचा, ते मला बसमध्ये ठरवता आलं नाही.

घरी

ही नोंद लिहायला इतके महिने का लागले, तर निकालाशिवाय ती अर्धवट राहिली असती.

जूनमध्ये माझ्या मोबाईलवर पहिली सूचना आली. ‘मागची वाट’वर नवीन नोंद. फोटोत ओले दगड आणि कडेला चपलेतलं एक पाऊल. “चालू हाय. चिखल घोट्याइतका.” मग दर आठवड्याला एक. नाल्याचा कातळ, त्यावरून वाहणारं पातळ पाणी, छत्री, बकऱ्या. एका फोटोत न्हाणीला नवाकोरा निळा पत्रा. प्रत्येक सूचना मी ऑफिसातल्या मीटिंगमध्येही उघडून पाहत असे. दोन हजार मीटर मलवाहिनी मंजूर झाली तेव्हा मी आमखोरीतला चिखल मोजत होते.

आणि मग, पोळा तोंडावर आला असताना, ही: “दोन दिवस बंद. नाला भरून होता. कोणी येऊ नये.”

मी ती ओळ पुन्हा वाचली. ती टाकली नसती तर कुणाला कळलं नसतं. वाट बारमाही ठरली असती. मी फोन लावला. त्या रविवारनंतर पहिल्यांदाच.

“शालूताई, ते दोन दिवसांचं तुम्ही टाकलंत?”

“मंग? टाकाचं नव्हतं का?”

“फाटक जाऊ शकतं त्यानं.”

“मले समजत नाई का थे.” त्या म्हणाल्या. “पण पाह्यलं ना मी. तुमीच म्हटलं होतं, पाह्यलं थेच लिहाचं. आन् कोणाचं लेकरू त्या पाण्यात आलं असतं तर?”

फोनमध्ये मागे पावसाचा आवाज ऐकू येत होता.

पोळ्यानंतर मेश्राम सरांचा फोन आला. म्हणाले, दक्षिणेच्या वाटेला बारमाही म्हणून नोंद आहे, पण पावसाळ्यात तिथे कुणी जाऊन पाहिलेलं नाही. “तुमच्या वाटेचे बंदचे दिवस लिहिलेले आहेत. त्यामुळे उरलेल्या दिवसांवर मला सही करता येते.” फाटक आमखोरीला. फक्त पायी, दिवसा, आणि नाला भरला की बंद. तसा फलकही लागणार आहे, आणि त्यावरचा नकाशा आमच्या खुल्या नकाशावरून छापलेला. उत्तर वर. लाल ठिपका जमिनीवर.

तुम्ही जाणार असाल तर दसऱ्यानंतर जा. सुट्टे पैसे ठेवा, झुणका-भाकर फाटकालगतच मिळते. कुत्री खरंच चावते.

त्या तीन दिवसांतलं माझ्याजवळ काय राहिलं ते मी अजून पूर्ण तपासलेलं नाही. वळणं, पाणवठे, रोही, हे सगळं नकाशात गेलं. नकाशात न गेलेलं एवढंच आहे की मी ‘पाहिलेलं नाही’ म्हटलं तेव्हा एका बाईने तोंड फिरवलं होतं, आणि नंतर पावसाळाभर तिने माझ्यासाठी पाहिलं.

फाटकाची बातमी सांगायला मी शालूताईंना फोन केला तेव्हा त्यांना ती आधीच कळली होती. मागे परातीत पीठ थापल्याचा आवाज येत होता.

“मॅडम, मंग कधी येता?”

“बघते. तारीख कळवते.”

“कळवजा. आन् भाकर गरम पाहिजे असन,” त्या म्हणाल्या, “तर मागच्या वाटेनंच येजा.”